लष्करातून मुक्त झालेल्या डॉक्टरला एमडीसाठी माजी सैनिकांच्या सवलतींतून अर्थसाहाय्य मिळते का?

प्रश्न : डॉक्टर_गडहिंग्लज

नमस्कार. मी मूळची गडहिंग्लज तालुक्यातील असून माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. एमबीबीएसची वर्षे मी वडिलांमुळे मिळालेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या आधारावर काढली. त्या वेळी मुलींसाठी ती दरमहा २२५० रुपये होती आणि वर्षाची रक्कम एकदम बँक खात्यात जमा होत असे. खाणावळ आणि पुस्तके यांचा बराचसा खर्च त्यातून भागत असे. पुढे मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक मुदतीची अधिकारीपदावरील नेमणूक) घेतले आणि पाच वर्षांचा करार पूर्ण करून नुकतीच मुक्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झाले आहे.

मला भूलशास्त्रात एमडी करायचे आहे. सीमेवरील एका छोट्या वैद्यकीय तुकडीत काम करताना, शल्यचिकित्सक हजर असूनही केवळ भूलतज्ज्ञ नसल्याने रुग्णाला खाली पाठवावे लागते हे मी अनेकदा पाहिले. आपल्याकडेही चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याकडील बाळंतिणीला रात्री-अपरात्री कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणावे लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. त्यामुळे विषयाबद्दल माझ्या मनात कोणताही संभ्रम नाही. पैशांबद्दल मात्र आहे.

माझ्याकडे दोन ओळखी आहेत : मी माजी सैनिकाची मुलगी आहे आणि आता स्वतःही माजी सैनिक आहे. यांपैकी एखाद्या नात्याने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, अनुदान किंवा शुल्कसवलत मिळू शकते का? अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या उच्च शिक्षणाचा सर्व खर्च सरकार करते असे माझ्या वाचनात आले आहे. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारे काही आहे का? खासगी महाविद्यालयातील तीन वर्षांचे शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सुभेदार_मेजर_गिरगाव

मॅडम, जय हिंद. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी करवीर तालुक्यातील माजी सैनिकांचे आणि वीरनारींचे अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे या योजनांचे नियम मला नेहमी चाळावे लागतात. आपण दोन नात्यांनी विचारले आहे, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

वडिलांच्या नात्याने मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती आता आपल्याला लागू होणार नाही. ही योजना २००६-०७ पासून सुरू असून तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत दरवर्षी ५५०० विद्यार्थ्यांची निवड होते, त्यांत निम्म्या मुली असतात. २०१९ पासून मुलींना दरमहा ३००० आणि मुलांना २५०० रुपये मिळतात. परंतु ती पहिल्या व्यावसायिक पदवीसाठी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांपैकी एमबीए आणि एमसीए एवढेच तिच्यात बसतात. एमडी, एमएस बसत नाहीत. शिवाय ती माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी आहे, खुद्द माजी सैनिकासाठी नाही. दरवर्षी एखादा तरी निवृत्त जवान स्वतःच्या शिक्षणासाठी हा अर्ज घेऊन येतो आणि त्याला परत पाठवताना मला वाईट वाटते, म्हणून हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून मिळणाऱ्या शिक्षण अनुदानाचेही तसेच आहे. हवालदार व त्याखालील हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या जास्तीत जास्त दोन पाल्यांना पहिलीपासून पदवीपर्यंत ते मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम दरमहा १००० वरून २००० रुपये झाली, ही चांगली गोष्ट आहे, पण पाल्यांसाठी मर्यादा पदवीचीच राहिली आहे. आपले वडील हवालदार असल्याने हुद्द्याची अट पूर्ण होते. तथापि आपली पदवी झालेली आहे.

आता आपल्या स्वतःच्या नात्याने. येथे सर्वांत आधी एक कागद तपासावा, तो म्हणजे आपला मुक्तता आदेश. त्यात मुक्ततेचे कारण नमूद केलेली एक ओळ असते. ‘कराराचा कालावधी पूर्ण झाल्यामुळे’ अशा अर्थाचे कारण तेथे असेल आणि आपल्याला ग्रॅच्युइटी मिळाली असेल, तर २०१२ च्या सुधारित व्याख्येप्रमाणे आपण माजी सैनिक ठरता. तेथे ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले असेल, तर पुढे प्रत्येक टेबलावर अडचण येते. एका ओळीवरून मोठमोठे अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत. ओळ बरोबर असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र घ्यावे. निवृत्तिवेतन नाही म्हणून नोंदणीची गरज नाही असा अनेक शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांचा समज असतो, तो बरोबर नाही.

पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम अधिकाऱ्यांसाठी असतात, पण ते व्यवस्थापन व तत्सम विषयांचे. त्यांतून एमडी होत नाही.

उत्तर : भूलतज्ज्ञ_ताराबाई_पार्क

डॉक्टर, मी स्वतः शॉर्ट सर्व्हिस कमिशनची मुदत संपवून नंतर सशस्त्र दलांच्याच संस्थेतून एमडी केले आहे, आणि योगायोगाने विषयही आपलाच आहे. सुभेदार साहेबांनी दिलेली माहिती अचूक आहे. तिला जोडून मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती सविस्तर लिहितो.

आपल्या देशात लष्करातून मुक्त झालेल्या डॉक्टरला पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणारा खरा लाभ जागेच्या रूपात आहे, रोख रकमेच्या रूपात नाही. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल, मुंबईचे नौदलाचे अश्विनी रुग्णालय, तसेच बंगळुरू, लखनौ, कोलकाता आणि चंडीगढजवळील चंडीमंदिर येथील कमांड हॉस्पिटल या ठिकाणी एमडी-एमएसच्या जागा असतात. त्या जागा प्राधान्यगटांप्रमाणे भरल्या जातात. पहिला हक्क सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांचा असतो, परंतु मुदत पूर्ण करून मुक्त झालेल्या शॉर्ट सर्व्हिस वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र गट आहे. त्याला प्रायॉरिटी तीन म्हणतात. त्या गटात आपली स्पर्धा देशभरातील सर्व उमेदवारांशी होत नाही, आपल्यासारख्याच मोजक्या माजी अधिकाऱ्यांशी होते. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, त्यातून सुटका नाही. पण ज्या गुणांवर खुल्या फेरीत भूलशास्त्राची सरकारी जागा मिळणे कठीण असते, त्या गुणांवर येथे विचार होऊ शकतो. हा लाभ पैशांत मोजायचा झाला तर सरकारी जागा आणि खासगी जागा यांच्या तीन वर्षांच्या शुल्कातील फरक पाहावा. कोणतीही शिष्यवृत्ती त्या फरकाच्या जवळपासही पोहोचत नाही.

यासाठी एमसीसीच्या (प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) संकेतस्थळावर नोंदणी करताना सशस्त्र दलांच्या संस्थांचा पर्याय आठवणीने निवडावा लागतो. अनेक जण फक्त अखिल भारतीय कोट्याचा अर्ज भरून थांबतात आणि हा दरवाजा त्या वर्षापुरता बंद होतो. माहितीपत्रक दरवर्षी नवे निघते; वय, मुक्ततेची तारीख, कोणत्या संस्थेत कोणते विषय आहेत, या अटी त्या वर्षीच्या पत्रकातूनच वाचाव्यात. जुन्या पत्रकावर किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. यात माझेही सांगणे आले.

दुसरी बाब मानधनाची. एमडीची तीन वर्षे म्हणजे निव्वळ शुल्क भरण्याचा काळ नसतो. निवासी डॉक्टर म्हणून दरमहा विद्यावेतन मिळते. सरकारी जागेवर शुल्क कमी आणि विद्यावेतन नियमित असल्याने साधेपणाने राहणाऱ्या माणसाचे घर चालते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी अभ्यासक्रमाचाही गांभीर्याने विचार करावा. त्याचे शुल्क मंडळच ठरवते, त्यामुळे खासगी रुग्णालयातील जागा असली तरी ते खासगी महाविद्यालयांच्या मानाने पुष्कळच कमी असते. विद्यावेतन देणे रुग्णालयाला बंधनकारक असते आणि पदवी एमडीच्या बरोबरीची मानली जाते. भूलशास्त्रासारख्या विषयात भरपूर शस्त्रक्रिया असलेले रुग्णालय मिळाले तर हात चांगला बसतो.

राज्याच्या कोट्यातून शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्रात पदव्युत्तर शिक्षणानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते आणि ती न केल्यास ५० लाख रुपये भरावे लागतात. मला स्वतःला ही अट जाचक वाटत नाही. आपल्याला ग्रामीण भागासाठीच काम करायचे आहे, तेव्हा ते वर्ष आपल्या हेतूशी जुळणारेच आहे.

या निमित्ताने जे अजून सेवेत आहेत आणि ही चर्चा वाचत आहेत त्यांना एक विनंती करतो. मुक्त होण्याचा अर्ज करण्यापूर्वी, सेवेत राहून पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मार्ग नीट तपासावा. सेवेतील अधिकाऱ्याला त्या काळात पूर्ण वेतन मिळते. त्याच्या मोबदल्यात पुढील सेवेची बांधिलकी येते, हे खरे. पण केवळ एमडी करायचे म्हणून बाहेर पडायचे आणि मग पैशांसाठी वणवण करायची, हे मी माझ्या काही सहकाऱ्यांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे आणि ते टाळता येण्यासारखे होते.

उत्तर : शिवाजी_पेठ_ते_टेक्सास

मूळ प्रश्नात अमेरिकेचा उल्लेख आला आहे, म्हणून लिहिते. माझे दीर अमेरिकेच्या सैन्यात होते आणि त्याच लाभातून ते वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, त्यामुळे ही व्यवस्था घरातूनच पाहत आहे.

सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या तेथील कायद्याची (जीआय बिल) सुरुवात २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने झाली. सध्या बहुतेकांना लागू असणारा प्रकार ९/११ नंतरच्या सेवेसाठीचा असून तो १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आला. किमान ३६ महिने सक्रिय सेवा झालेल्या सैनिकाला पूर्ण लाभ मिळतो आणि तो ३६ महिन्यांच्या शिक्षणापुरता असतो. सरकारी विद्यापीठात त्या राज्यातील रहिवाशांचे संपूर्ण शुल्क भरले जाते, खासगी विद्यापीठासाठी वार्षिक कमाल मर्यादा आहे, आणि त्याशिवाय घरभाडे व पुस्तकांसाठी रक्कम मिळते. नऊ महिन्यांचे एक शैक्षणिक वर्ष धरले तर ३६ महिन्यांत वैद्यकीय महाविद्यालयाची चार वर्षे बरोबर बसतात. म्हणूनच डॉक्टर व्हायचे असलेल्या सैनिकांना तेथील जाणकार सांगतात की, आधीच्या पदवीचा खर्च शक्यतो दुसऱ्या मार्गाने करा आणि हे महिने वैद्यकीय शिक्षणासाठी राखून ठेवा. कारण तेथे वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि बहुतेकांचे महिने तिच्यातच संपून जातात.

आपण विचारलेल्या टप्प्याशी जुळणारा भाग त्यापुढचा आहे. आपल्याकडील एमडीच्या जागी तेथे रेसिडेन्सी असते. तिला शुल्क नसते, उलट रुग्णालय पगार देते. तरीही महिने शिल्लक असतील आणि त्या रुग्णालयाच्या कार्यक्रमाला मान्यता असेल, तर रेसिडेन्सी ही कामावरील प्रशिक्षण म्हणून धरली जाते आणि घरभाड्याची रक्कम मिळू शकते. पहिले सहा महिने ती पूर्ण असते, पुढच्या सहा महिन्यांत ८० टक्के, मग ६०, ४० आणि त्यानंतर २० टक्के, अशी ती उतरत जाते. पुष्कळ तरुण डॉक्टरांना हे माहीतच नसते आणि रेसिडेन्सी संपल्यावर ते हळहळतात.

परंतु हा सर्व लाभ अमेरिकेच्या सैन्यातील सेवेवरच मिळतो. भारतीय सैन्यातील सेवा कितीही मोठी असली तरी ती तेथे धरली जात नाही. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला आले होते तेव्हा एका परिचित कुटुंबाने, मुलगा आपल्या सैन्यातून निवृत्त झाला असल्याने अमेरिकेत त्याचे शिक्षण विनामूल्य होईल, असे गृहीत धरल्याचे मी ऐकले. एखाद्या एजंटाने तसे सांगितले असल्यास त्याला एक रुपयाही देऊ नये.

उपप्रश्न : शिरोळची_वाचक

सुभेदार मेजर साहेब, आपण लिहिले आहे की शिक्षण अनुदान पदवीपर्यंतच आहे. माझे भाऊ नाईक होते आणि सेवेत असताना त्यांचे निधन झाले. वहिनी बीएस्सी नर्सिंग झाल्या असून कोल्हापुरातील एका रुग्णालयात काम करतात. त्यांना एमएस्सी नर्सिंग करायचे आहे. त्यांनाही काहीच मिळणार नाही का? घरात दोन लहान मुले आहेत, त्यामुळे नोकरी सोडण्याचा निर्णय घेण्यास त्या धजत नाहीत.

उत्तर : सुभेदार_मेजर_गिरगाव

ताई, मिळू शकते. मी वर दिलेली पदवीची मर्यादा पाल्यांसाठी आहे. हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या जवानाची विधवा दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेत असेल, तर त्याच अनुदानाची तरतूद तिच्यासाठी स्वतंत्रपणे आहे. भाऊ नाईक होते, त्यामुळे वहिनी त्यात बसतात. एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचेच आहे. दरमहा २००० रुपयांत नोकरीची भरपाई होणार नाही हे मला कळते, पण दोन्ही मुले शाळेत जात असतील तर त्यांचाही अर्ज करा.

भावाचे निधन युद्धात किंवा सैनिकी कारवाईत झाले असेल तर मुलांसाठी याहून मोठी सवलत आहे. संरक्षण मंत्रालयाची ती योजना १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली आणि तिच्यात मुलांचे शिक्षण शुल्क पदवीपर्यंत मिळते. मध्यंतरी शिक्षण शुल्क आणि वसतिगृह मिळून दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, ती मार्च २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. मृत्यूच्या कारणाची नोंद कशी झाली आहे यावर पात्रता ठरते, तेव्हा भावाची कागदपत्रे घेऊन वहिनींना एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. त्यांना एकटीला पाठवू नका, सोबत कोणीतरी असावे.

प्रतिसाद : डॉक्टर_गडहिंग्लज

सर्वांचे मनापासून आभार. मुक्तता आदेश काढून पाहिला. कारणाच्या ओळीत करार पूर्ण झाल्याचाच उल्लेख आहे. प्रायॉरिटी तीनचा गट मला ऐकून माहीत होता, पण तो दुय्यम पर्याय असल्याचा माझा समज होता. आता पहिली पसंती तेथेच आणि दुसरी डीएनबीला देण्याचे ठरवत आहे.

एक शंका राहते. मुक्त होताना मिळालेली ग्रॅच्युइटी, डीएसओपी (अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम खात्यात आहे. ती शुल्कासाठी वापरावी, की शैक्षणिक कर्ज काढून ही रक्कम हाताशी ठेवावी? वडिलांचे म्हणणे आहे की कर्ज नको.

उत्तर : भूलतज्ज्ञ_ताराबाई_पार्क

वडिलांची भावना समजू शकतो, त्या पिढीने कर्जाचा धाक पाहिलेला आहे. तरीही आकडे समोर ठेवून बोलावे. शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याची ग्रॅच्युइटी सेवेच्या दर सहा महिन्यांमागे अर्ध्या महिन्याच्या वेतनाइतकी असते, म्हणजे पाच वर्षांना साधारण पाच महिन्यांचे वेतन. निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाची हीच पहिली गंगाजळी असते. सरकारी किंवा डीएनबीची जागा मिळाली तर कर्जाची गरजच पडू नये; शुल्क या रकमेतून आणि घरखर्च विद्यावेतनातून करावा. मात्र किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवावी, कारण विद्यावेतन काही ठिकाणी उशिरा जमा होते आणि निवासी डॉक्टरला त्या काळात दुसरे काम करता येत नाही.

कर्ज काढावेच लागले तर राष्ट्रीयीकृत बँकेतून काढावे. साधारणतः अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण त्या काळातही व्याज चढत असते. विद्यावेतनातून निदान व्याज भरत राहिल्यास पुढचा बोजा बराच हलका होतो. व्याजावरील प्राप्तिकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही हिशेबात धरावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. जागा मिळालेली संस्था त्या यादीत आहे का, ते बँकेत जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तयारीच्या वर्षात उत्पन्न हवे असेल तर माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांतील कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्या पदांसाठी माजी सैनिक डॉक्टरांना प्राधान्य असते, कामाची वेळ ठरलेली असते आणि संध्याकाळ अभ्यासाला मोकळी मिळते. रात्रपाळीची खासगी नोकरी धरून नीट-पीजीचा अभ्यास होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : सुभेदार_मेजर_गिरगाव

मॅडम, त्या नोकरीच्या अर्जालाही माजी सैनिक ओळखपत्र लागेल, तेव्हा नोंदणी आधी उरकून घ्या. मुक्तता आदेश, सेवेचा तपशील, आधार, पॅन, बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे एवढे बरोबर न्या. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, ते घरीच पाहा. लग्नानंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा, महिला अधिकाऱ्यांचे अर्ज बहुधा याच कारणाने मागे येतात. मूळ आदेश दाखवण्यापुरता काढा आणि परत घेऊन या, कार्यालयात साक्षांकित प्रतच द्या. पुढे प्रवेशाच्या वेळी पुण्यात तोच मूळ कागद मागतील.